संगणकातली फुकट वाद्ये आणि आपली हलगी

यात्रेसाठी देवाचे नवे गाणे बसवावे, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी समूहगीत तयार करावे, ही हौस गावोगावी असते. गळे असतात, चाली सुचतात. अडते ते साथीपाशी. पेटी आणि ढोलकी गावात मिळते. पण व्हायोलिनचा ताफा, पियानो, बासरी कोठून आणायची? मग जिल्ह्याच्या गावी जाऊन तासाच्या हिशेबाने पैसे मोजून ध्वनिमुद्रण करावे लागते. तेवढा पैसा हाताशी नसला की चाल मनातच राहते. आज पुष्कळ घरांत मुलामुलींच्या शिक्षणासाठी घेतलेला संगणक असतो. त्या संगणकात बसणारी वाद्ये मिळतात, आणि त्यांतली बरीच चक्क फुकट आहेत. चोरीची नव्हेत, बनवणाऱ्याने आपण होऊन वाटलेली.

आता तुम्ही म्हणाल, एवढा मोठा पियानो संगणकात शिरतो कसा? एक खरे उदाहरण घ्या. ‘सॅलामँडर ग्रँड पियानो’ नावाचा एक फुकट पियानो आहे. कोणा एकाने यामाहा कंपनीच्या सी-५ जातीच्या पियानोच्या तारांवर जेमतेम बारा सेंटिमीटर उंचीवर दोन मायक्रोफोन लावले. सर्वांत खालच्या सुरापासून दर तिसरी पट्टी घेतली आणि ती सोळा वेळा वाजवली; पहिल्यांदा अगदी हळू, मग चढत चढत जोरात. ३० पट्ट्या आणि प्रत्येकीचे १६ आघात, म्हणजे ४८० आवाज टिपून झाले. मधल्या दोन पट्ट्यांचे सूर संगणक शेजारच्या सुरावरून चढवून-उतरवून घेतो. तुम्ही पट्टी हळू दाबली तर हळूचा आवाज उचलला जातो, जोरात दाबली तर जोराचा. म्हणजे ऐकू येतो तो खऱ्या पियानोचाच आवाज, फक्त साठवून ठेवलेला. कोठारातून धान्य काढावे तसा.

दुसरी जात आहे ती गणिताने आवाज घडवणाऱ्या वाद्यांची. यामाहाने १९८३ साली डीएक्स-७ नावाचे वाद्य काढले होते. त्या काळच्या गाण्यांत घंटेसारखे किणकिणणारे सूर ऐकू येतात, त्यांतले पुष्कळ त्याचे. ‘डेक्स्ड’ हे फुकट वाद्य त्याचीच नक्कल करते. ‘सर्ज’ हे वाद्य आधी विकत मिळे. २०१८ साली त्याच्या कर्त्याने ते सर्वांसाठी खुले केले आणि आता ते ‘सर्ज एक्सटी’ या नावाने मिळते. २०२० साली आलेल्या ‘व्हायटल’चीही एक प्रत फुकट आहे. ही वाद्ये जागा थोडी घेतात, पण संगणकाच्या डोक्याला काम जास्त देतात. जुन्या संगणकाला ती कधी कधी झेपत नाहीत.

एक गोष्ट नवख्याला फसवते. वाद्य उतरवून घेतले, पण वाजेना! कारण बरीचशी वाद्ये एकटी चालत नाहीत. नांगर आणला म्हणून नांगरट होते का? पुढे ट्रॅक्टर लागतो. इथे ट्रॅक्टरचे काम ध्वनिमुद्रणाचा मुख्य प्रोग्रॅम करतो. नांगर असो की रोटाव्हेटर, जोडणी ठरावीक मापाची असते म्हणून कोणत्याही कंपनीचे अवजार चालते. वाद्यांसाठी अशी जोडणी जर्मनीतल्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली ठरवली आणि १९९९ साली तिच्यावर वाद्ये जोडण्याची सोय आली. तिला व्हीएसटी म्हणतात.

मुख्य प्रोग्रॅमही फुकट मिळतात. ‘एलएमएमएस’ हा हलका आहे, आणि त्यात संगणकाच्या अक्षरांच्या कळा पेटीच्या पट्ट्यांसारख्या वाजवता येतात, वेगळी पेटी घ्यावी लागत नाही. मात्र तो जुन्या जातीची व्हीएसटी ओळखतो. नवी वाद्ये व्हीएसटी-३ या जोडणीची असतात. त्यांच्यासाठी ‘वेव्हफॉर्म फ्री’ घ्यावा. अॅपलचा संगणक असेल तर ‘गॅरेजबँड’ कंपनीच देते. ‘ऑडॅसिटी’ गळा टिपायला आणि कापाकापीला उत्तम, पण वाद्ये वाजवण्यासाठी तिच्या वाटेला जाऊ नये.

पट्ट्यांचा हुकूम वाद्यापर्यंत जातो तो मिडी नावाच्या भाषेत. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेत एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका वायरीने जोडून दाखवली, तेव्हापासून ही भाषा चालू आहे. मिडीत आवाज नसतो, नुसता निरोप असतो: कोणती पट्टी, केव्हा, किती जोरात. जोर मोजायचा तो १२७ पर्यंत. म्हणून एकदा वाजवलेली चाल नंतर बासरीवर ऐका, पियानोवर ऐका, काळी एकवरून काळी दोनवर चढवा. पुन्हा वाजवावी लागत नाही. चुकलेला एक सूर तेवढाच दुरुस्त करता येतो. वाचकहो, गावातल्या माणसाला या विद्येचा सर्वांत मोठा फायदा मला हाच वाटतो.

आता वाद्ये शोधायची कोठे? सोपा नियम असा की, ज्याने वाद्य बनवले त्याच्याच घरून घ्या. ‘डिसेंट सॅम्पलर’ हा आवाज वाजवणारा फुकट डबा आहे, आणि त्यात घालण्याजोगी शेकडो वाद्ये ‘पियानोबुक’ या ठिकाणी जगभरच्या हौशी लोकांनी ठेवली आहेत. सॅलामँडर पियानो वाजवायला ‘स्फोर्झांडो’ हा दुसरा डबा चालतो. घेण्याआधी चार गोष्टी पाहा: आपला संगणक चालतो त्या पद्धतीची प्रत आहे ना, ३२ बिटांची की ६४ बिटांची, जागा किती लागते, आणि परवान्यात गाणे विकायला मुभा आहे का. नेट मंद असेल तर तालुक्याला गेल्यावर पेन ड्राइव्हवर भरून आणावे. पियानोसारखे वाद्य काही शे एमबीचे असते.

‘फुकट’ या शब्दाखाली फसवणूकही बरीच खपते. कधी ती नमुन्याची प्रत निघते. ‘कोन्टॅक्ट’ या प्रसिद्ध डब्याची ‘प्लेअर’ नावाची फुकट आवृत्ती आहे. पण पूर्ण आवृत्तीसाठी केलेले वाद्य तिच्यात घातले, तर पंधरा मिनिटांनी बंद पडते. मग माणूस उगाच संगणकाला दोष देतो. त्याहून वाईट म्हणजे हजारोंची वाद्ये कुलूप फोडून वाटणारे लोक. अशा प्रतीबरोबर घरात काय शिरेल याचा नेम नाही. त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार, सातबारा, पीकविम्याचे कागद असतात. खरी फुकट वाद्ये एवढी असताना ती जोखीम कशाला?

वाजवायला बसलात की पहिली तक्रार येते ती उशिराची. पट्टी दाबली आणि सूर मागून आला. दोष तुमच्या हाताचा नाही. संगणक आवाज घमेल्या-घमेल्याने पाठवतो. घमेले मोठे तर उशीर मोठा. त्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने धरले, तर २०४८ च्या बफरला सुमारे ४३ मिलिसेकंद लागतात, २५६ ला पाचच्या आसपास. वाजवताना बफर लहान ठेवा, आवाज फाटू लागला तर थोडा वाढवा. विंडोजवर ‘असिओ फॉर ऑल’ हा फुकट प्रोग्रॅम बसवला की बहुतेक ठिकाणी उशीर कमी होतो.

दुसरे म्हणजे ताल. हे प्रोग्रॅम उघडताच चार-चारचे खाने दाखवतात. केरव्याच्या आठ मात्रांना ते चालते, पण दादऱ्याला सहा, रूपकाला सात, झपतालाला दहा मात्रा लागतात. खाने आधीच बदलून घ्या, नाही तर सम भलतीकडे पडते. शिवाय सगळे आघात एकाच जोराचे ठेवू नका. एक शंभराचा, पुढचा ऐंशीचा, कुठे साठाचा, असे केले की ठेका माणसाने धरल्यासारखा वाटतो. गळा टिपताना साथ कानाच्या यंत्रातच ऐका, म्हणजे ती मायक्रोफोनमध्ये शिरत नाही. आणि डीपी केव्हा जळेल ते आपल्या हाती नाही. दर पाच मिनिटांनी काम जतन करा.

एवढे सगळे असून एक उणीव राहतेच. १९९१ साली जगभरच्या वाद्यकंपन्यांनी १२८ वाद्यांची एक यादी ठरवली. अजूनही पुष्कळ फुकट संच त्याच क्रमाने असतात. तीत आपल्याकडची म्हणावी अशी वाद्ये दोन: १०५ वर सतार आणि ११२ वर सनई. एकविसाव्या जागी रीड ऑर्गन आहे. संगीत नाटकांतली पायपेटी आठवणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल. पण तबला नाही, ढोलकी नाही, संबळ, हलगी, दिमडी, तुणतुणे यांचे तर नावच नाही. परदेशातल्या माणसाने ती वाटावीत कशी? त्याने ऐकलीच नाहीत.

मग ती आपणच करायची. डिसेंट सॅम्पलरचे वाद्य म्हणजे टिपलेले आवाज आणि एक साधी मजकुराची फाइल. तीत लिहायचे एवढेच की, कोणता आवाज कोणत्या पट्टीवर आणि कोणत्या जोराला. बारावीतले मूल दोन संध्याकाळींत शिकते.

खरे काम आवाज टिपण्याचे. पहाटेची वेळ धरावी, मोटार बंद, पंखा बंद, गोठ्यापासून दूर. धान्याच्या पोत्यांची खोली मिळाली तर आणखी चांगले; पोती घुमारा शोषून घेतात. मोबाईल चालतो, फक्त आवाज दाबून लहान न करता ‘वेव्ह’ पद्धतीने साठवा. हलगी नेहमीप्रमाणे जाळावर शेकून घ्या, आणि कातडे उतरले की पुन्हा शेका; नाही तर पहिला आघात आणि शेवटचा आघात एका वाद्याचे वाटणार नाहीत. प्रत्येक आघात हळू, मध्यम, जोरात, असे तीन परींनी घ्या, आणि प्रत्येक परीचे चार-पाच नमुने. एकच नमुना पुन्हा पुन्हा वाजला की कान लगेच ओळखतो. नमुने आळीपाळीने वाजले म्हणजे खरे वाटते. आवाज पुरता विरेपर्यंत कोणी बोलू नये, आणि मुलांना हसू येऊ देऊ नये.

हलगी वाजवणाऱ्याचे मात्र नीट पाहा. लग्नात, यात्रेत बोलावले तर त्याला बिदागी मिळते. इथे एका पहाटेचे त्याचे हात कायमचे साठवले जाणार, आणि पुढे त्याला न बोलावताच त्याची हलगी वाजणार. तेव्हा हे काय चालले आहे ते त्याला आधी पुरते सांगा, वाजवून ऐकवा, दिवसाची बिदागी द्या. आवाज फक्त आपल्या मंडळापुरता ठेवायचा की जगाला फुकट वाटायचा, हे त्याच्या संमतीने ठरवा. तो नको म्हणाला तर नको. हो म्हणाला, तर त्याचे नाव, गाव आणि तारीख एका कागदावर लिहून त्या कागदाचा फोटो वाद्याच्याच फोल्डरमध्ये ठेवा, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर भरून त्याच्या घरी द्या.