हृदयाच्या लयीचा दस्तऐवज

हॉलंडमधील लायडेन विद्यापीठात विलेम आइंथोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाची विद्युत् नोंदणारे जे यंत्र सिद्ध केले, त्याचे वजन सुमारे २७० किलो होते, ते चालवावयास पाच माणसे लागत आणि रुग्णाला दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. तरीही तरंगांना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही नावे आज तालुक्याच्या दवाखान्यातल्या ईसीजीच्या पट्टीवरही कायम आहेत. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हृदयाच्या उजव्या अलिंदाच्या, म्हणजे वरच्या कप्प्याच्या, वरच्या अंगाला असलेल्या एका सूक्ष्म गाठीतून मिनिटाला साठ ते शंभर वेळा विद्युत् हुकूम सुटतो. तो अलिंदांत पसरला म्हणजे पी हा बुटका तरंग उमटतो. निलयांना, म्हणजे खालच्या कप्प्यांना, रक्ताने भरावयास अवधी मिळावा म्हणून वाटेतील दुसऱ्या गाठीपाशी तो किंचित थबकतो, आणि मग निलयांत शिरताच क्यूआरएसचे टोकदार शिखर उभे राहते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकत असल्याने एक लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा होतो. पीच्या आरंभापासून शिखराच्या आरंभापर्यंत असे तीन ते पाच चौकोन भरावेत, हा निरोगी हृदयाचा दंडक.

हा हुकूम वाटेतच पूर्णपणे अडला, तर खालची केंद्रे दुय्यम अंमलदारांप्रमाणे कारभार हाती घेतात, परंतु त्यांची गती मंद असते. पी आणि शिखर आपापल्या स्वतंत्र लयीत चालू लागतात आणि बहुधा पेसमेकर बसवावा लागतो. याहून कितीतरी अधिक आढळणारा विकार म्हणजे अलिंदांचे कंपन: पी तरंग नाहीसा होतो आणि शिखरांमधील अंतरांत कसलाच नियम उरत नाही. पुष्कळांना याची जाणीवही नसते, परंतु अलिंदांत साकळलेली रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. म्हणून उतारवयात नाडी अनियमित लागली, तर तिची उपेक्षा करणे मला अक्षम्य वाटते.

तथापि नेहमीचा ईसीजी सुमारे दहा सेकंदांचीच साक्ष देतो. येऊन जाणारी धडधड त्यातून निसटते, आणि छातीत वेदना असता पहिली पट्टी निर्दोष आली, तरी हृदयविकाराचा झटका नाकारता येत नाही. अशा वेळी ती पुनःपुन्हा काढावी लागते. नव्या पट्टीचा अर्थ जुनीशी ताडून पाहिल्याने अधिक स्पष्ट होतो. म्हणून वाचकांना विनंती, की घरातील वडीलधाऱ्यांचे जुने ईसीजी जपून ठेवावेत, आणि उष्णतेने छापलेल्या कागदावरील रेषा कालांतराने पुसट होत असल्यामुळे त्यांची झेरॉक्स प्रत वेळीच काढून घ्यावी.