सहा तारा आणि ऐकणाऱ्याचा कान

24 डिसेंबर 1818 रोजी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गजवळ, ओबेर्नडॉर्फ गावच्या सेंट निकोलस चर्चमध्ये दोघांनी मिळून एक नवं गाणं म्हटलं. शब्द तिथले साहाय्यक धर्मगुरू योसेफ मोर यांचे, दोन वर्षांपूर्वी लिहिलेले. चाल शेजारच्या आर्न्सडॉर्फचे शाळामास्तर आणि ऑर्गनवादक फ्रान्झ झेवियर ग्रुबर यांची, त्याच दिवशी बांधलेली. साथीला गिटार होती. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. तिला त्या काळचा पुरावा नाही. गिटारचा पुरावा मात्र पक्का आहे. मोर यांच्या हस्ताक्षरातली प्रत 1995 साली उजेडात आली, तीत गिटारची साथ लिहिलेली आहे, आणि त्यांची गिटार आजही हालाइनच्या संग्रहालयात पाहता येते.

ते गाणं म्हणजे ‘सायलेंट नाइट’. वसईपासून मडगावपर्यंत नाताळात ते कानावर पडतंच.

त्या रात्री चाल गळ्यात होती आणि गिटारकडे फक्त साथ होती. आता गाणारे बाजूला काढा आणि एकट्या गिटारवर हेच गाणं बसवायला घ्या. चाल, तिच्याखालचा खर्ज आणि मधली भरणी, तिन्ही कामं सहा तारांवर आली. डाव्या हाताची चार बोटं तारा दाबणार, उजव्याची चार छेडणार. त्यात हार्मोनियमचा स्वर भाता चालेल तोवर टिकतो, पण गिटारचा स्वर छेडल्या क्षणापासून विरायला लागतो. एवढ्या अडचणींतूनही हे गाणं एकाच गिटारवर भरदार ऐकू येतं, कारण मांडणीचा मोठा वाटा ऐकणाऱ्याचा मेंदू उचलतो. उत्तम मांडणी करणारा काय वाजवायचं याच्या आधी काय गाळायचं ते ठरवतो, असं माझं ठाम मत आहे.

पहिला निर्णय पट्टीचा. मोर यांच्या प्रतीत पट्टी आहे डी मेजर, आपली पांढरी दोन. गळ्याला ती सोयीची आहे. पण या चालीचा पल्ला मोठा आहे: मध्य सप्तकातल्या सा पासून तार सप्तकातल्या म पर्यंत. डी मध्ये हा वरचा म पहिल्या तारेच्या पंधराव्या पडद्यावर जातो, आणि क्लासिकल गिटारची मान बाराव्या पडद्याशीच पेटीला जुळलेली असते. चाल एक सप्तक खाली आणली, तर ती खर्जाच्या जागेत शिरते. सी, म्हणजे पांढरी एक घेतली, तर वरचा म तेराव्या पडद्यावर आणि त्याच क्षणी लागणारा खर्जातला प सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर. 65 सेंटीमीटर लांबीच्या तारेवर या दोन जागांमध्ये सुमारे 24 सेंटीमीटर अंतर पडतं. पहिल्या चार पडद्यांवर हाताचा नेहमीचा ताण असतो जेमतेम 10 सेंटीमीटरचा.

आता पांढरी सहा, म्हणजे ए मेजर, घेऊन पाहा. हे गाणं मुळात तीनच कॉर्डवर उभं आहे: सा, म आणि प यांच्या. ए मध्ये या तिघांचे खर्ज म्हणजे पाचवी, चौथी आणि सहावी तार, तिन्ही मोकळ्या! 110, 147 आणि 82 हर्ट्झचे हे स्वर डाव्या हाताचं एकही बोट न लावता मिळतात. सगळा हात चालीसाठी मोकळा राहतो. वरचा म दहाव्या पडद्यावर असला तरी खाली सहावी तार आपली आपण घुमत राहते. चालीचा पहिला स्वर प, तोही पहिली तार मोकळी छेडली की हजर. गिटारसाठी ही पट्टी सर्वांत योग्य, असं मी म्हणतो ते यामुळे.

आता मधली भरणी. नवशिका वादक इथे सगळे स्वर भरू पाहतो आणि आवाज गढूळ होतो. त्याचं कारण आपल्या कानाच्या आतल्या शंखात आहे. तिथल्या पडद्यावर प्रत्येक कंपनसंख्येची जागा ठरलेली असते. दोन स्वर फार जवळ पडले की त्यांच्या जागा एकमेकींवर येतात आणि खरखर ऐकू येते. नेदरलँड्सच्या प्लॉम्प आणि लेव्हेल्ट यांनी 1965 साली ही खरखर मोजली. खालच्या स्वरांसाठी जागा अशा एकमेकींवर येण्याचा पट्टा साधारण 100 हर्ट्झ रुंदीचा असतो, आणि अंतर त्याच्या पावपट, म्हणजे 25 हर्ट्झच्या आसपास असताना खरखर सर्वाधिक होते. सहाव्या तारेचा पाचवा पडदा आणि पाचव्या तारेचा चौथा पडदा एकदम वाजवा: 110 चा सा आणि 139 चा ग, अंतर 29 हर्ट्झ. स्वर शुद्ध, तरी कानाला बोचतात. तोच ग एक सप्तक वर, दुसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर घेतला की आवाज स्वच्छ होतो. या गाण्याची पहिली ओळ उतरते ती नेमकी त्याच ग वर. चालीतच तो असल्यावर खाली पुन्हा वाजवायची गरज नाही.

खर्जाची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. गिटारच्या पेटीतली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास सर्वांत जोरात घुमते. सहाव्या तारेचा 82 हर्ट्झचा मूळ स्वर त्याखाली पडतो, म्हणून तो क्षीणच बाहेर येतो. मोबाइलच्या स्पीकरमधून तर जवळजवळ येतच नाही. तरीही आपल्याला खर्ज ऐकू येतो, कारण 165, 247, 330 अशी त्याची वरची कंपनं कानात पोचतात आणि मेंदू त्यांच्यातल्या समान अंतरावरून न आलेला मूळ स्वर ओळखतो. डच शास्त्रज्ञ शाउटेन यांनी 1940 च्या सुमारास यावर मूलभूत काम केलं.

राहिला स्वर विरण्याचा प्रश्न. या चालीला दादऱ्यासारखा सहा मात्रांचा झोका आहे, आणि ओळीच्या शेवटी स्वर लांबतो. तो लांबलेला स्वर गिटार धरून ठेवू शकत नाही, म्हणून त्या जागी कॉर्डचे स्वर सुटे सुटे, एकेका मात्रेला एक असे छेडतात. मग ऐकणाऱ्याला चालीत हे नवे स्वर घुसल्यासारखे का वाटत नाहीत? कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठाचे अल्बर्ट ब्रेगमन यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात याची सविस्तर मांडणी केली आहे. उंची, जोर आणि आवाजाचा पोत यांवरून मेंदू एकाच प्रवाहातले स्वर वेगवेगळ्या धारांत वाटतो. संगीतकार बाखने एकट्या चेलोसाठी लिहिलेलं संगीत मेंदूच्या याच गुणावर उभं आहे. म्हणून चाल नेहमी सर्वांत वर ठेवायची आणि भरणी हळू आवाजात वाजवायची.

चालीचा स्वर ठसठशीत करायला वादक रेस्ट स्ट्रोक वापरतात: छेडून झालेलं बोट शेजारच्या तारेवर टेकतं. त्यामुळे तार पेटीच्या वरच्या फळीकडे अधिक दाबली जाऊन सुटते, फळीला जास्त ऊर्जा मिळते आणि स्वर मोठा येतो. त्या बदल्यात तो लवकर विरतो. भरणीच्या स्वरांना हा स्ट्रोक कधीच देऊ नये.

घरात गिटार असेल, तर या नाताळात ए मेजरमध्ये ही चाल वरच्या तारांवर बसवा आणि प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला पाचवी, चौथी किंवा सहावी मोकळी तार तेवढी छेडा. एवढ्यावरच गाणं उभं राहतं. मधले स्वर नंतर घाला, आणि कान मागेल तिथेच घाला.