'थिंग्ज फॉल अपार्ट' : कादंबरीचे वाचन आणि सारांशाचा प्रश्न

प्रस्तावना :
परभाषेतील कादंबरी वाचणे म्हणजे एका अपरिचित समाजाच्या जीवनव्यवहारात काही काळ वावरणे होय. तथापि, अध्यापनात पुष्कळदा कादंबरीपेक्षा तिच्या सारांशालाच महत्त्व प्राप्त होते. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे (१९३०–२०१३) यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) या कादंबरीच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचना :
ही कादंबरी तीन भागांत व २५ प्रकरणांत विभागलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इग्बो समाजातील उमुओफिया येथे ती घडते. आळशी, कर्जबाजारी वडिलांसारखे आपण ठरू, या भीतीतून नायक ओकोन्क्वो कठोर बनत जातो. मिशनऱ्यांचे आगमन दुसऱ्या भागात होते. पहिल्या भागातील १३ प्रकरणे 'याम' या कंदाची लागवड, कुस्ती, लग्नाची बोलणी, न्यायनिवाडा यांनी व्यापली आहेत. सारांशातून नेमका हाच भाग गळतो. वास्तविक जे कोसळले ते काय होते, हे येथेच कळते. लेखकाने या समाजाचे उदात्तीकरण केलेले नाही. जुळी अर्भके रानात टाकण्याची प्रथा येथे आहे; तीन वर्षे घरात वाढलेल्या, आपल्याला वडील मानणाऱ्या इकेमेफुनावर शस्त्र चालवणारा ओकोन्क्वोही येथे आहे.

भाषा :
'ची', 'ओबी', 'ओग्बान्जे' असे इग्बो शब्द अचेबे यांनी इंग्रजी निवेदनात तसेच ठेवले आहेत. त्यांचा अर्थ प्रसंगातून उलगडतो. मराठी वाचकाला येथे एक वेगळी सोयही आहे. हातून नकळत घडलेल्या हत्येमुळे ओकोन्क्वोला सात वर्षे म्बान्ता या आईच्या गावी राहावे लागते. त्या गावासाठी इंग्रजीतील 'मदरलँड' हा शब्द दिशाभूल करतो. आपल्याकडे मात्र 'आजोळ' हा नेमका शब्द आहे.

शेवटचा परिच्छेद :
ओकोन्क्वोच्या आत्महत्येनंतर इंग्रज जिल्हा आयुक्त आपल्या नियोजित ग्रंथाचा विचार करतो. या माणसाला पूर्ण प्रकरण नव्हे, पण एक बऱ्यापैकी परिच्छेद देता येईल, असे त्याला वाटते. २५ प्रकरणे वाचून आलेल्या वाचकाला या विचारातील क्रौर्य जाणवते. परीक्षेसाठी दिलेले टिपण तरी याहून वेगळे काय करते? प्रस्तुत लेखकानेही अशी टिपणे वर्गात लिहून दिली आहेत. ती पाठ करणारा विद्यार्थी नकळत आयुक्ताच्या बाजूला उभा राहतो.

निष्कर्ष :
टिपणे पूर्णतः टाळता येणार नाहीत. पण त्यांच्याआधी वाचन घडवता येईल. किमान दहावे प्रकरण एका तासिकेत मोठ्याने वाचावे. त्यात पूर्वजांचे मुखवटे धारण केलेले नऊ जण पत्नीला मारहाण करणाऱ्या पतीचा निवाडा करतात. त्यातील एकाची चाल ओकोन्क्वोसारखी आहे, हे स्त्रियांच्या लक्षात आले असावे. पण त्या बोलत नाहीत. हे मौन कोणत्याही सारांशात मावणारे नाही. ते ऐकू येणे, हेच जागतिक कादंबरीच्या अध्यापनाचे प्रयोजन मानावे लागेल.