पहिला व्हिडिओ कॅमेरा घेताय? पैसे देण्याआधी एवढं वाचा

रामकुंडावरची संध्याकाळची गोदा आरती कधी मोबाईलवर शूट केलीये? पायऱ्यांवरून झूम केलं की दिव्यांच्या ज्योतींचे पांढरे डाग होतात, अंधारात दाणे दिसायला लागतात आणि घंटांचा आवाज फाटतो. मग वाटतं, आता कॅमेरा घ्यायलाच हवा.

त्यात नाशिक-त्र्यंबकेश्वरचा २०२६-२७ चा सिंहस्थ, ओळखीतून येणाऱ्या लग्नाच्या ऑर्डरी आणि स्वतःचं चॅनल, त्यामुळे अनेक मुलं याच विचारात आहेत. पण हे पैसे बहुतेक वेळा घरून मागितलेले असतात, नाहीतर वर्षभर साठवलेले. चुकीचा कॅमेरा घेतला तर तो परत विकताना मोठा फटका बसतो. म्हणून मॉडेलचं नाव शोधण्याआधी काही गोष्टी समजून घेऊया.

आधी काम ठरवा, मग कॅमेरा

मोबाईल दोन ठिकाणी कमी पडतो: सेन्सर आणि झूम. सेन्सर मोठा असेल तर तो जास्त प्रकाश गोळा करतो. कॅमेऱ्यातला 'एक इंची' सेन्सर प्रत्यक्षात साधारण १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळ तिपटीहून जास्त. बहुतेक मोबाईलचे सेन्सर एक इंचीपेक्षाही लहान असतात.

पण फक्त मोठा सेन्सर बघून चालत नाही. दोन उदाहरणं घेऊ.

*लग्न, कीर्तन, गॅदरिंग:* इथे तासन् तास रेकॉर्डिंग चालतं आणि लांबून झूम करावं लागतं. सप्तपदीचा रिटेक होत नाही. यासाठी कॅमकॉर्डर बरा. उदाहरणार्थ, २०१५ चा सोनी एचएक्सआर-एनएक्स१००. यात एक इंची सेन्सर, १२ पट ऑप्टिकल झूम, दोन कार्डांची सोय आणि मोठ्या माईकसाठी एक्सएलआर इनपुट आहेत. मात्र हा फुल एचडीच आहे, ४के नाही.

*मुलाखती, शॉर्ट फिल्म, ट्रॅव्हल व्हिडिओ:* इथे मागची बॅकग्राउंड धूसर हवी असते, कमी उजेडात चित्र स्वच्छ हवं असतं आणि लेन्स बदलता यायला हवी. यासाठी मिररलेस घ्या. सोनी झेडव्ही-ई१० आणि कॅनन ईओएस आर५० हे दोन्ही सुरुवातीसाठी चांगले पर्याय आहेत. पण सोबत मिळणाऱ्या छोट्या लेन्सचा झूम जेमतेम तीन पट असतो, त्यामुळे समोरच्या घाटावरून आरती टिपायची अपेक्षा ठेवू नका.

स्पेसिफिकेशनमध्ये काय बघायचं?

मोठ्या अक्षरात '४के' लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरात काय आहे ते बघा.

- सलग किती वेळ रेकॉर्ड होतं? अनेक जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप थांबतात. ३० मिनिटं किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर युरोपात वेगळी आयात ड्युटी लागायची, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातली होती. आर५० एका वेळी जास्तीत जास्त एक तास रेकॉर्ड करतो. झेडव्ही-ई१० ला अशी ठरावीक मर्यादा नाही, पण बॅटरी, कार्ड आणि उन्हात तापणं या मर्यादा आहेतच.
- माईक आणि हेडफोनचं जॅक आहे का? माईकचं जॅक दोन्हीकडे आहे. हेडफोनचं झेडव्ही-ई१० ला आहे, आर५० ला नाही. हेडफोन नसेल तर आवाज बिघडलाय हे घरी आल्यावरच कळतं.
- बॉडीमध्ये स्टॅबिलायझेशन आहे का? या दोन्ही मिररलेसमध्ये सेन्सर हलवून झटके सावरण्याची सोय नाही. चालत शूट करणार असाल तर हे आधीच लक्षात घ्या.

सगळे पैसे कॅमेऱ्यात घालू नका

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. आमचा साधा हिशोब असा: बजेटचे १०० रुपये धरले तर कॅमेरा आणि लेन्सला ६०, आवाजाला १५, ट्रायपॉडला १० आणि उरलेले १५ जादा बॅटरी, कार्ड, हार्ड डिस्क आणि छोट्या लाईटला.

का? कारण चित्र थोडं कमी चांगलं असलं तरी लोक बघतात, पण बोलणं ऐकू आलं नाही तर व्हिडिओ लगेच बंद करतात. कॅमेऱ्यावरचा माईक दहा फुटांवरून बोलणं नीट पकडत नाही. कॉलरला लावायचा वायरलेस माईक घ्या. ढोल पथक शूट करताना ऑटो लेव्हल बंद करा आणि मीटरवर सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा.

कार्डाचं गणितही आधीच करा. १०० एमबीपीएसने ४के रेकॉर्ड केलं तर सेकंदाला १२.५ एमबी, म्हणजे तासाला साधारण ४५ जीबी. चार तासांचं लग्न म्हणजे १८० जीबी! कार्डावर व्ही३० लिहिलेलं असावं, म्हणजे ते सेकंदाला किमान ३० एमबी या वेगाने सलग लिहू शकतं.

एक सेटिंग, शून्य खर्च

हॉलमधल्या ट्यूबलाईटखाली व्हिडिओत पट्टे फिरताना दिसतात ना? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा 'पाल'वर ठेवा, २५ किंवा ५० फ्रेम निवडा आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. बहुतेक वेळा पट्टे जातात. सजावटीचे काही स्वस्त एलईडी मात्र तरीही त्रास देतात.

सेकंड हँड घेताय? हे तपासा

बजेटमध्ये बसवायचं तर जुना कॅमेरा घेण्यात कमीपणा नाही. फक्त स्वतः तपासून घ्या.

१. अ‍ॅपर्चर एफ/१६ करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ.
२. अर्धा तास सलग रेकॉर्ड करा. तापून बंद पडतोय का बघा.
३. माईक लावून जॅक हलवा. खरखर आली तर जॅक सैल आहे.
४. सगळे कार्ड स्लॉट वापरून बघा, झूम हळू फिरवा.
५. बिल मागा. बॉडीवरचा नंबर बिलाशी जुळला पाहिजे. नवीन कॅमेरा बिलाशिवाय स्वस्त मिळत असेल तर भारतातली वॉरंटी मिळणार नाही असंच धरा.

आधी एक दिवस भाड्याने

आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये विमा पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले आणि ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण लगेच मोठा सिनेमा काढला नाही. कुंडीत वाटाणे लावून रोपाची वाढ महिनाभर टिपली, एक मिनिटाची छोटी फिल्म केली आणि ती दाखवून पैसे उभे केले. मग १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला.

तुम्हीही तेच करा. जो कॅमेरा मनात आहे तो ओळखीच्या फोटोग्राफरकडून किंवा भाड्याने एक दिवसासाठी घ्या. संध्याकाळी गोदाघाटावर जा, आरती शूट करा, एखाद्या दुकानदाराची दोन मिनिटांची मुलाखत घ्या आणि घरी येऊन एडिट करा. बॅटरी किती टिकली, मेनू समजला का, तुमचा लॅपटॉप ४के फाईल उघडतो का, हे सगळं त्या एका दिवसात कळेल.

आणि तो व्हिडिओ तुमच्या मोबाईलच्या व्हिडिओपेक्षा फार वेगळा वाटला नाही, तर थांबा. सध्या माईक आणि ट्रायपॉड घ्या आणि मोबाईलवरच काम चालू ठेवा. पुढे कॅमेरा घेतला की तेच सामान त्यालाही चालेल. फक्त माईक घेताना तो मोबाईल आणि कॅमेरा दोन्हीला लागतो ना, एवढं बघून घ्या.