पाहुणा, पर्यटक आणि नवेगावबांधचं तळं

पर्यटनावर तत्त्वज्ञानाच्या माणसाने काय बोलायचं, असं कोणी विचारील. पण 'ही जागा कशासाठी आहे?' हा प्रश्न मूळचा तत्त्वज्ञानाचाच, आणि पर्यटन वाढलं की तोच आधी नजरेआड होतो.

सुरुवात जरा लांबून करू. अटलांटिक महासागरात स्पेनची कॅनरी बेटं आहेत. बाराही महिने ऊन, त्यामुळे सुट्टीसाठी युरोपातून रीघ लागलेली. वस्ती सुमारे २२ लाख, आणि पर्यटक वर्षाला दीड कोटीहून अधिक. २० एप्रिल २०२४ रोजी तिथले हजारो लोक रस्त्यावर उतरले. पर्यटन बंद करा असं त्यांचं म्हणणं नव्हतं; त्याला मर्यादा घाला, एवढंच. घरं सुट्टीवर आलेल्यांना भाड्याने जाऊ लागली, गावच्या माणसाला परवडेनाशी झाली. पाण्यावरही ताण आला. ज्या धंद्यावर बेटांचं पोट, त्याविषयीच तिथली माणसं हे म्हणत होती, हे लक्षात घ्या.

आता आपल्या गोंदिया जिल्ह्यात येऊ. इथे समुद्र नाही, पण बेट आहे. नवेगावबांधच्या तळ्यातली मालडोंगरी. हे तळं निसर्गाने दिलेलं नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधलं, असं परंपरा सांगते. कोहळी म्हणजे तळी बांधण्यात मुरलेला समाज. भोवतीचे सात डोंगर म्हणजे सातबहिणी. त्यांनी या कामाला हात लावला अशी श्रद्धा आहे. कोलू पाटलांचा पुढे कोलासूर देव झाला, त्याचं ठाणं काठावरच आहे. पाटबंधारे बांधणाऱ्यालाच लोकांनी देव केलं, बघा!

तळं बांधलं ते पाण्यासाठी, धानाच्या बांध्यांसाठी. १९७५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. गाइड, जिप्सीवाले, खानावळी यांना काम मिळालं. ते मिळायलाच हवं. पण अडचण कुठे येते पाहा. पर्यटकाला तळं काठोकाठ भरलेलं हवं असतं. शेतकऱ्याला पावसाने ओढ दिली की त्यातलं पाणी सोडून हवं असतं. हिवाळ्यात परदेशी बदकं उतरतात, आणि होड्यांचा हंगामही तोच. ढिवरांची जाळीही त्याच पाण्यात. तळं एकच, पण प्रत्येकासाठी त्याचा अर्थ वेगळा; आणि यातला 'देखावा' हा अर्थ सर्वांत नवा, पण पैसा त्याच्यामागे जास्त.

आपल्याकडे घरी येणाऱ्याला पाहुणा म्हणतात. पाहुणा कोणाचा तरी असतो, म्हणून पंगतीत किती वाढायचं हे यजमान ठरवतो. पर्यटक जागेकडे येतो, माणसांकडे नाही. तिकीट काढलं की यजमान कोण, हा प्रश्नच उरत नाही. (अतिथी म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही तो, असा जुना अर्थ लावतात. हल्लीचा अतिथी महिनाभर आधी बुकिंग करतो, ते असो.)

तेव्हा यजमान कोण, हे नवेगावात ठरवावं लागेल. आमच्या मते होड्या किती, पाणी कधी आणि किती सोडायचं, हे ठरवताना धानवाला शेतकरी आणि ढिवर बैठकीत असायला हवेत, नुसते ऐकायला नव्हे. ही बैठक पावसाळा सरता सरता घ्यावी. तोवर तळ्यात पाणी किती साठलं हे कळलेलं असतं, आणि हिवाळ्याचं बुकिंग अजून भरलेलं नसतं.