छोटा हाथी: घेण्याआधी

टाटा एस हा छोटा टेम्पो 2005 साली बाजारात आला आणि लोकांनी त्याचं नाव ‘छोटा हाथी’ ठेवलं. तीनचाकी टेम्पोवाल्याला चार चाकं परवडावीत हा त्यामागचा विचार, आणि तो मला आजही मनापासून पटतो. पहिल्या मॉडेलचं इंजिन 702 सीसीचं, दोन सिलिंडरचं डिझेल. म्हणजे टाटाच्याच इंडिका कारच्या इंजिनाचा अर्धा भाग. ताकद 16 अश्वशक्ती, भार पाऊण टन. गाडी पेठेतल्या बोळात वळते, हौदा कमरेएवढाच असल्याने एकटा माणूसही माल चढवतो, आणि गल्लीतला मिस्त्रीसुद्धा दुरुस्त करतो.

खरी अडचण त्या पाऊण टनाची. टोमॅटोचं भरलेलं कॅरेट साधारण 25 किलोचं धरा, तीस कॅरेटमध्ये हिशेब संपला. मार्केट यार्डात पहाटे पाहा, पन्नास रचून वर रस्सी आवळलेली असते. मागचे पाटे सपाट होतात, पुढची चाकं हलकी पडतात, स्टिअरिंगची पकड जाते आणि ब्रेक दाबूनही गाडी लांबवर जाऊन थांबते. घाटात हे जिवावर बेततं.

इंजिन सीटखाली, त्यामुळे उन्हाळ्यात बूड भाजतं. समोर बॉनेट नाही. धडक बसली तर गुडघ्यांपुढे जेमतेम पत्रा. रिकामी गाडी खड्ड्यांत फार आदळते.

पाच-दहा किलोमीटरच्या फेऱ्या, दूध, भाजी, पाण्याचे जार असा धंदा असेल तर जरूर घ्या. रोज घाट चढायचा असेल तर थोडं थांबून मोठी पिकअप बघा.