तिबेटचा राखणदार

इ.स. २०१३ च्या ऑगस्ट महिन्यांत चीनच्या हनान प्रांतांतील एका प्राणिसंग्रहालयांत मोठा गमतीचा प्रकार घडला. एक आई आपल्या मुलाला निरनिराळ्या प्राण्यांचे आवाज ऐकवीत सिंहाच्या पिंजऱ्यापुढें आली, तोंच आंतला सिंह भुंकूं लागला! तो सिंह नव्हताच; तिबेटी मॅस्टिफ जातीचा कुत्रा होता. मानेभोंवतीं आयाळीसारखे दाट केस असल्यामुळें त्याला सिंहाच्या जागीं बसविलें होतें. याच सुमारास चीनमधील श्रीमंत लोक या कुत्र्यासाठीं लाखों युआन मोजीत होते. २०१४ सालीं एका पिलाला १ कोटी २० लाख युआन किंमत आल्याची वार्ता जगभर पसरली. परंतु आयाळ पाहून कुत्रा घेणें निराळें, आणि त्या आयाळीखालचा स्वभाव ओळखून त्याला सांभाळणें निराळें.

या कुत्र्याची मायभूमि म्हणजे तिबेटचें उंच पठार. याक आणि मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या तेथील पशुपालकांच्या तंबूंना ना भिंत, ना दार. बाहेर लांडगे, अस्वलें आणि हिमबिबटे यांचें भय, शिवाय चोरांचेंही. तंबूला जें कुंपण नाहीं त्याचें काम हा कुत्रा करतो. तिबेटी भाषेंत त्याला ‘दो-ख्यी’ म्हणतात; बांधून ठेवण्याचा कुत्रा, असा त्याचा अर्थ सांगतात. रिवाज असा कीं, दिवसां त्याला तंबूजवळ बांधावें आणि रात्रीं मोकळें सोडावें. तेथील विरळ हवेंत परका प्राणी धापा टाकूं लागतो; याला मात्र ती मानवते. अलीकडील संशोधनांत असें दिसून आलें आहे कीं, अशा हवेंत तग धरण्यास साहाय्य करणारा एक आनुवंशिक गुण त्याच्या पूर्वजांना तेथील लांडग्यांशीं झालेल्या संकरांतून लाभला. ज्या शत्रूपासून कळप राखावयाचा, त्याचेंच रक्त राखणदाराच्या अंगांत आहे!

त्याचा स्वभावही या कामांतूनच घडला. धनी तंबूंत झोपलेला असतां अंधारांत काय करावें, हें कुत्र्यालाच ठरवावें लागे. अल्सेशियन कुत्रा धन्याच्या तोंडाकडे पाहून हुकमाची वाट पाहतो. हा स्वतः निर्णय घेतो. हांक मारली असतां तो सावकाश येतो, कधीं येतही नाहीं. त्याला मूर्ख किंवा हट्टी म्हणणें अन्यायाचें होईल. पिढ्यान् पिढ्या त्याच्याकडून हेंच अपेक्षिलें गेलें.

राखण म्हणजे चावणें नव्हे. तो प्रथम भारदस्त आवाजानें बजावतो, मग आडवा उभा राहतो, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर अंगावर जातो. धन्यानें घरांत घेतलेला पाहुणा तो सहन करतो. पण तोच पाहुणा धनी घरीं नसतां फाटक उघडून आंत आला, तर कालची ओळख उपयोगी पडेलच असें नाहीं. मुलें खेळतांना झोंबूं लागलीं तर घरच्या मुलावर हल्ला झाला, असाही त्याचा समज होऊं शकतो. अशा वेळीं मोठें माणूस जवळ हवेंच.

श्रोत्यांपैकीं कोणाच्या मनांत असा कुत्रा पाळण्याची इच्छा असेल, तर त्यांनीं आधीं त्याचें मान ध्यानांत घ्यावें. पूर्ण वाढलेला नर खांद्याशीं निदान २६ इंच उंच असतो. वजन ४५ ते ७० किलोपर्यंत भरतें. तो प्रौढ होण्यास तीन-चार वर्षें लागतात, पण वळण लावण्याची खरी वेळ पहिल्या कांहीं महिन्यांतच असते. त्या काळांत पिलाला परकीं माणसें, मुलें, रहदारी आणि पशुवैद्य यांची शांतपणें ओळख करून द्यावी. पिलूं अंगावर उडी घेतें तेव्हां कौतुक वाटतें. ६० किलोच्या कुत्र्यानें तेंच केलें तर माणूस उताणा पडेल. मारून शिकवूं नये. नियम थोडे असावेत, पण ते घरांतल्या सर्वांनीं सारखे पाळावेत. उंच भिंत, बंद फाटक, रोजचा फेरफटका आणि रेबीजची लस यांत हयगय चालणार नाहीं. शिवाय दिवसां झोपून रात्रीं भुंकणें हा त्याचा धर्म. चाळींतल्या शेजाऱ्यांनीं तो कां सोसावा?

हवेचा प्रश्न त्याहून बिकट आहे. त्याच्या अंगावर दुहेरी लोकर असते. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाहीं. तो धापा टाकूनच शरीर थंड करतो. मुंबईच्या दमट उकाड्यांत हा उपाय लंगडा पडतो, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यांत उष्माघातानें प्राणावरही बेततें.

कित्येक जण तिबेटी रिवाजाचा दाखला देऊन कुत्र्याला अष्टौप्रहर साखळींत ठेवतात. ते त्या रिवाजाचा अर्धाच भाग उचलतात. रात्रीचें मोकळेपण आणि काम काढून घेतलें कीं उरते ती नुसती साखळी. आणि साखळीनें राखणदार तयार होत नाहीं, चावरा कुत्रा तयार होतो.

चीनमधील ती हौस थोड्याच वर्षांत ओसरली. भाव कोसळले, आणि पैदास करणाऱ्या पुष्कळांनीं आपले कुत्रे सोडून दिले. ते तिबेटी पठारावर मठांच्या आणि गांवांच्या आसपास टोळ्यांनीं हिंडूं लागले, माणसांना चावूं लागले, गुरांमेंढ्यांवर तुटून पडूं लागले. ज्यांच्या पूर्वजांनीं कळप राखले, त्यांचीच ही गति झाली. यांत दोष कुत्र्याचा नाहीं. काम आणि धनी दोन्ही गेल्यावर बळ तेवढें शिल्लक राहिलें.

म्हणून असा कुत्रा घेण्यापूर्वीं किंमत विचारण्याआधीं दुसरा प्रश्न विचारावा: आपल्या घरीं त्याच्याजोगें काम आणि दहा-बारा वर्षें त्याला देण्याजोगा वेळ आहे काय? नसेल, तर दारची राखण करण्यास आपल्याकडील धनगराच्या मेंढ्यांमागून चालणारा साधा गांवठी कुत्राही पुरेसा आहे. त्याला आयाळ नसेल. पण येथलें ऊन त्याच्या ओळखीचें आहे.